धूर दिसतो, पण कोणत्या उंचीवर? उपग्रहाची साक्ष आणि तिची पडताळणी

(यवतमाळ येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



थंडीच्या दिवसांत पहाटे फिरायला जाणारे इथे बरेच जण दिसताहेत. त्यांनी एक दृश्य नक्की पाहिलं असेल. चुलींचा, शेकोट्यांचा धूर थोडासा वर जातो आणि मग छत लागल्यासारखा आडवा पसरतो. गावाच्या डोक्यावर एक निळसर पट्टा उभा राहतो आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. आता दुसरं दृश्य आठवा. मार्च-एप्रिलची दुपार आहे, कुणीतरी वावरात पऱ्हाट्या पेटवल्या आहेत. तो धूर सरळ वर जातो, इतका वर की शेवटी दिसेनासा होतो.

धूर दोन्हीकडे आहे. पण पहाटेचा आपल्या नाकात आहे आणि दुपारचा आपल्या डोक्यावर. हा फरक तुम्हा-आम्हाला डोळ्यांनी कळतो. सातशे किलोमीटरवरून खाली बघणाऱ्या उपग्रहाला तो कळतो का, आणि कळतो असं तो म्हणाला तर त्याच्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा आजचा विषय.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. तुम्ही म्हणाल, हे काम भौतिकशास्त्राच्या माणसाचं. खरं आहे. पण साक्ष खरी केव्हा मानायची हा प्रश्न आमच्या शास्त्राचाही आहे, आणि फार जुना आहे.

हा प्रश्न आपल्याला का पडावा?

२०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्या यादीत आपल्या विदर्भातली नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर ही शहरं आहेत. यवतमाळ नाही. म्हणून इथे धूळ-धूर नाही, असं वणीच्या कोळसा खाणींच्या रस्त्याला राहणाऱ्या माणसाला सांगून बघा! मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव अशा तालुक्यांत गावोगावी मापनयंत्रं कोण बसवणार? मग अशा भागांसाठी काय करतात, तर उपग्रहाचे आकडे घेतात, त्यावरून जमिनीलगतच्या हवेचा अंदाज बांधतात, आणि त्या अंदाजातून जिल्हावार नकाशे तयार होतात. किती लोक दम्याने आजारी पडत असतील, पैसा कुठे खर्चावा, याची गणितं पुढे त्या नकाशांवर उभी राहतात. म्हणजे आपल्या हवेबद्दल आपल्या वतीने कुणीतरी वर बसून साक्ष देतो आहे. ती साक्ष तपासली गेली आहे का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

उपग्रह नेमकं काय मोजतो?

हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांना, मग ते धुळीचे असोत, धुराचे, मिठाचे, की कारखान्याच्या वायूंपासून बनलेले असोत, एरोसोल म्हणतात. 'टेरा' १९९९ मध्ये आणि 'ॲक्वा' २००२ मध्ये सोडला गेला. या दोन उपग्रहांवर मोडिस नावाचं उपकरण आहे. सूर्याचा प्रकाश जमिनीवरून आणि हवेतल्या कणांवरून परत वर जातो, तो हे उपकरण मोजतं. त्यातला जमिनीचा वाटा वजा केला की कणांचा वाटा उरतो. त्यावरून एक आकडा निघतो, त्याला एओडी म्हणतात, म्हणजे कणांमुळे आलेली प्रकाशीय जाडी. एओडी ०.५ असेल तर डोक्यावरून सरळ खाली येणाऱ्या प्रकाशाच्या शंभर भागांतले सुमारे ६१ भाग थेट जमिनीपर्यंत पोचतात. बाकीचे वाटेत विखुरतात किंवा शोषले जातात.

आता इथे मेख बघा. हा आकडा सगळ्या उंचीचा एकत्रित आहे. जमिनीपासून अवकाशापर्यंतचा सगळा हिशोब एकाच बेरजेत. समजा, दोन दिवशी एओडी अगदी सारखा आला. एका दिवशी सगळे कण खालच्या ३०० मीटरांत कोंडलेले आहेत, दुसऱ्या दिवशी तेच कण ३ किलोमीटरांत पसरलेले आहेत. बेरीज तीच. पण पहिल्या दिवशी आपण श्वासात घेतलेली हवा दसपट दाट. ही कल्पनेतली टोकं नाहीत. मध्य भारतात मे महिन्याच्या दुपारी हवा कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते आणि डिसेंबरच्या पहाटे हाच थर काहीशे मीटरांवर येऊन बसतो.

म्हणून बेरीज पुरत नाही, खातेवही लागते. कोणत्या उंचीवर किती, हे सांगणारी. ती खातेवही म्हणजे लायडार.

धूर आणि धुकं

थोडं आमच्या अंगणात येऊ. न्यायदर्शनात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. 'तर्कसंग्रहा'पासून सगळीकडे हेच उदाहरण शिकवतात. पण त्या लोकांनी पुढची शंकाही काढून ठेवली होती. दिसलेली गोष्ट धूरच नसेल तर? लांबून बाष्प दिसलं, धुळीचा लोट दिसला, आणि आपण त्याला धूर समजलो तर? अनुमानाची रीत बरोबर आहे, पण ज्यावर ते उभं आहे तेच चुकलं.

उपग्रहाच्या शास्त्रज्ञांपुढे आज अक्षरशः हाच प्रश्न आहे. हा थर ढगाचा की एरोसोलचा? एरोसोल असेल तर धूळ की धूर? आपल्याकडे एप्रिलमध्ये काय असतं आठवा. नांगरलेल्या काळ्या रानाची धूळ, पऱ्हाट्यांचा धूर, मोहफुलं वेचायला झाडाखाली जाळलेला पाला, त्यातून कधी पुसदकडच्या टेकड्यांवर चढलेला वणवा. सगळं एकमेकांत मिसळलेलं. ओळख पटवणं सोपं नाही.

लायडार कसा बघतो

लायडार म्हणजे प्रकाशाचा रडार. लेझरचा एक अगदी छोटा झोत हवेत सोडायचा आणि परत काय येतं ते दुर्बिणीने गोळा करायचं. प्रकाशाचा वेग ठाऊक आहे, त्यामुळे किती वेळाने परत आला यावरून अंतर कळतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाला १५० मीटर, असा हिशोब. किती आला यावरून त्या उंचीवर कण किती ते कळतं. शिवाय पाण्याचा थेंब किंवा धुराचा गोलसर कण प्रकाशाची कंपनदिशा फारशी बदलत नाही, पण धुळीचा ओबडधोबड कण ती बिघडवतो. त्यावरून धूळ ओळखता येते.

२८ एप्रिल २००६ रोजी अमेरिका आणि फ्रान्स यांचा 'कॅलिप्सो' उपग्रह अवकाशात गेला. त्यावर कॅलिऑप नावाचा लायडार होता. हिरवा आणि अवरक्त असे दोन रंग, सेकंदाला सुमारे २० झोत. जमिनीवर पडणारा प्रत्येक ठिपका सुमारे ७० मीटर रुंद, आणि दोन ठिपक्यांत ३३३ मीटर अंतर. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत, सतरा वर्षं, त्याने काम केलं. अवकाशातून घेतलेली एवढ्या दीर्घ काळाची हवेची उभी खातेवही माणसाच्या हाती याआधी कधी नव्हती.

पण त्या वहीत एक उधारी आहे, ती नीट समजून घ्या. परत आलेल्या प्रकाशाचं माप एकच असतं आणि अज्ञात गोष्टी दोन असतात. कणांनी किती प्रकाश मागे फेकला ही एक, आणि जाता-येता वाटेत किती प्रकाश गळाला ही दुसरी. एका समीकरणातून दोन अज्ञातं निघत नाहीत, हे आपण शाळेत शिकलो. मग काय करतात, तर या दोहोंचं गुणोत्तर गृहीत धरतात. त्याला लायडार-गुणोत्तर म्हणतात. कॅलिप्सोच्या चौथ्या आवृत्तीत हिरव्या रंगासाठी समुद्री कणांचं गुणोत्तर २३, वाळवंटी धुळीचं ४४ आणि धुराचं ७० धरलेलं आहे.

आता चूक कुठे शिरते बघा. एखाद्या पातळ थराला यंत्राने धूळ समजलं आणि तो होता धूर, तर ७० च्या जागी ४४ वापरले गेले. थराची जाडी खऱ्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी लागली. झोत उत्तम, दुर्बीण उत्तम, घड्याळ उत्तम. चूक नाव देण्यात झाली आणि आकड्यात उतरली. शिवाय फार पातळ थर यंत्राच्या नजरेतून निसटतात, आणि दिवसा सूर्यप्रकाशाचा गोंगाट असल्यामुळे जास्त निसटतात.

विमान खालून जातं

म्हणून साक्षीदार बोलावले. पहिला साक्षीदार विमान.

नासाच्या लँग्ली केंद्राने किंग एअर जातीच्या छोट्या विमानात वेगळ्या पद्धतीचा लायडार बसवला. त्याला एचएसआरएल म्हणतात. त्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. हवेचे रेणू हलके असतात, सैरावैरा धावतात. त्यांच्यावरून परत आलेल्या प्रकाशाचा रंग किंचित पसरतो. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा सूर बदलतो ना, तसंच. एरोसोलचे कण त्या मानाने अवजड, त्यामुळे त्यांच्यावरून आलेला प्रकाश होता त्याच रंगाचा राहतो. आता मध्ये आयोडीनच्या वाफेची नळी ठेवली, तर ती नेमका तेवढाच रंग गिळते. कणांचा प्रकाश अडला, रेणूंचा पार गेला. हवेत कोणत्या उंचीला किती रेणू आहेत हे तापमान आणि दाबावरून माहीतच आहे. तेव्हा रेणूंकडून जेवढा प्रकाश यायला हवा होता त्यापेक्षा कमी आला, तर मधल्या कणांनी किती खाल्ला ते थेट कळतं. गुणोत्तर गृहीत धरायची गरजच उरली नाही.

हे विमान उपग्रहाच्या वाटेखालून, त्याच वेळेला, ८० हून अधिक वेळा उडवलं. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाले. कॅलिप्सोचा मूळ संकेत विमानापेक्षा रात्री सरासरी २.७ टक्के आणि दिवसा २.९ टक्के कमी भरत होता. अवकाशातल्या यंत्राच्या मानाने ही जुळणी फारच चांगली म्हणायची. पण दोन्ही वेळा कमीच का?

इथे आमच्या शास्त्रातला जुना वाद डोकावतो. ज्ञान आपल्या बळावर खरं ठरतं, असं मीमांसक म्हणतात. त्याचं खरेपण बाहेरून दुसऱ्या ज्ञानाने ठरतं, असं नैयायिक म्हणतात. मीमांसक लगेच विचारतो, त्या दुसऱ्या ज्ञानाचं खरेपण कशाने ठरवणार? तिसऱ्याने? याला अनवस्था म्हणतात, म्हणजे न संपणारी साखळी. उपग्रह तपासायला विमान, मग विमान तपासायला काय?

शास्त्रज्ञांनी ही साखळी जिथे अडकवली आहे ती खुंटी म्हणजे शुद्ध हवा. फार उंचावर कण जवळजवळ नसतात, नुसते रेणू असतात, आणि रेणूंचं वागणं पक्कं माहीत आहे. तेव्हा तिथल्या संकेताला प्रमाण मानायचं आणि बाकी सगळं त्यावरून मोजायचं. कॅलिप्सोने आधी ३० ते ३४ किलोमीटरचा पट्टा प्रमाण धरला होता. पुढे ध्यानात आलं की तिथेही थोडे कण आहेत. शुद्ध म्हणून धरलेली हवा पूर्ण शुद्ध नव्हती! त्यामुळे खालचे सगळे संकेत किंचित कमी लागत होते. विमानाने दाखवलेली तूट आणि हे कारण, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. चौथ्या आवृत्तीत पट्टा ३६ ते ३९ किलोमीटरवर नेला आणि विमानाशी असलेला फरक कमी झाला.

आम्हाला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. विमान उपग्रहापेक्षा थोर होतं म्हणून ते न्यायाधीश झालं नाही. त्याचे दोष वेगळे होते, म्हणून त्याच्या साक्षीला किंमत आली. दोन साक्षीदार एकाच गावचे, एकाच गुरूचे, एकाच चष्म्यातून बघणारे असतील तर दोघांचं जुळलं याचा अर्थ फार थोडा.

जमिनीवरचा साक्षीदार

दुसरा साक्षीदार जमिनीवरचा लायडार. तो खालून वर बघतो. विमान तासाभरात निघून जातं, हा रात्रंदिवस एका जागी बसून राहतो. त्याचाही दोष आहे. झोत आणि दुर्बिणीची नजर सुरुवातीच्या काहीशे मीटरांत पुरती जुळत नाही, म्हणून अगदी नाकासमोरचं त्याला धड दिसत नाही. उपग्रहाचा लायडार वरून येतो. वरचे थर दाट असतील तर खाली पोचेपर्यंत त्याचा प्रकाश क्षीण होतो, आणि जमिनीचा स्वतःचा प्रखर परतावा त्याला दिपवतो. म्हणजे आपण जिथे श्वास घेतो, तिथेच दोघांचीही नजर अधू. म्हणून तिथे साधी हवा ओढून कण तोलणारी यंत्रं लागतात. एकाने भागत नाही.

हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, १९८६ पासून आरगॉन लेझरच्या लायडारने एरोसोलचे थर मोजले जात होते. झोत एका ठिकाणाहून आणि दुर्बीण दुसरीकडे, अशी त्याची मांडणी होती. दुर्बिणीचा कोन बदलत गेलं की उंची बदलत जाते. तिथेच २००४ पासून एरोनेट या जागतिक जाळ्याचा सूर्यमापक आहे. तो थेट सूर्याकडे बघून एओडी मोजतो. त्याची चूक ०.०१ ते ०.०२ इतकी अल्प, म्हणून मोडिसचे आकडे त्याच्याशी ताडून बघतात.

आणि विमानही आपल्याकडे उडालं आहे. २००६ च्या मार्च ते मे महिन्यांत इस्रोच्या पुढाकाराने 'आयकार्ब' ही मोहीम झाली. जमिनीवरची केंद्रं, 'सागर कन्या' जहाज आणि विमान, तिन्ही एकाच वेळी. विमानातल्या लायडारने दाखवलं की पावसाळ्यापूर्वी आपल्याकडे एरोसोलचा मोठा हिस्सा जमिनीलगत नसून काही किलोमीटर उंचीवर, कित्येकदा ढगांच्याही वर तरंगत असतो. योगायोग बघा, ही मोहीम चालू असतानाच कॅलिप्सो अवकाशात गेला. पण त्याची नियमित मापनं जूनपासून सुरू झाली, तेव्हा दोघांची गाठ पडली नाही. पुढे २०१२-१३ मध्ये 'रॉवेक्स' मोहिमेत देशातल्या सात तळांवरून विमानाने हवेच्या थरांची मापनं घेतली.

मग आपल्या जिल्ह्याचं काय?

कॅलिप्सो सोळा दिवसांनी त्याच वाटेवर परत यायचा. आपल्या अक्षांशावर दोन शेजारच्या वाटांत साधारण १६० किलोमीटर अंतर पडायचं. म्हणजे सोळा दिवसांत आपल्या जिल्ह्यावरून दिवसाची एखादी आणि रात्रीची एखादी ७० मीटर रुंदीची रेघ. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यावर! बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडं, हे पाहणाऱ्या माणसांना या रेघेची मर्यादा वेगळी समजावून सांगायला नको.

त्याहून मोठी गोष्ट वेळेची. टेरा सकाळी साडेदहाच्या सुमारास यायचा, ॲक्वा दुपारी दीडच्या सुमारास. कॅलिप्सो दुपारी दीड आणि मध्यरात्रीनंतर दीड. आता सुरुवातीचं दृश्य आठवा. पहाटे सहाला गावावर जो निळा पट्टा असतो, चूल पेटवणारी बाई ज्या धुरात बसलेली असते, तो यांच्यापैकी एकानेही कधी पाहिला नाही. दुपारच्या घुसळलेल्या हवेची साक्ष घेऊन पहाटेच्या कोंडलेल्या हवेचा निकाल लावायचा, असं चाललं आहे. पडताळणी मोजलेल्या आकड्याची होते. जे मोजलंच नाही त्याची पडताळणी कितीही विमानं उडवून होत नाही.

आणि जी पडताळणी झाली तीही मुख्यतः अमेरिकेच्या आकाशात, युरोपच्या केंद्रांवर झाली. तिथली हवा वेगळी, धूळ वेगळी, धूर वेगळा. तिथे जुळलं म्हणून इथेही जुळेल, हे अनुमान आहे. वाईट नाही, पण अनुमान आहे, आणि ते तसंच नोंदवलं पाहिजे.

श्रोत्यांचे प्रश्न

_प्रश्न: सर, मग उपग्रहाचे आकडे वापरायचेच नाहीत का?_

नाही, नाही, तसं अजिबात नाही. वापरायचे. साक्षीदाराला उलटतपासणीत प्रश्न विचारले म्हणजे तो खोटा ठरत नाही. वर्षानुवर्षांची सरासरी, मोठ्या प्रदेशाचा कल, दूरवरून आलेली धूळ, यासाठी उपग्रहाला तोड नाही. २८ मे २०२४ ला युरोप आणि जपानने 'अर्थकेअर' सोडला आहे. विमानात होती तशीच युक्ती त्याच्या लायडारमध्ये आहे, फक्त अतिनील रंगात. म्हणजे गुणोत्तर गृहीत धरण्याची अडचण अवकाशातच बरीच सुटेल. पण एका गावाचा, एका पहाटेचा प्रश्न त्याला विचारू नका. आणि कुणी जिल्ह्याचा आकडा छातीठोकपणे सांगितला, तर एवढंच विचारा: हा किती वाजताचा, कोणत्या उंचीचा, आणि इथल्या जमिनीवर कशाशी ताडून पाहिला?

_प्रश्न: आपल्या इथे काय करता येईल? लायडार तर फार महाग असेल._

मोठा लायडार महाग, बरोबर. पण विमानतळांवर ढगांची उंची मोजायला सिलोमीटर नावाचं यंत्र असतं, तोही एक छोटा लायडारच. तो रात्रंदिवस चालतो, आणि पहाटे हवेचा थर किती खाली बसला आहे ते त्याच्यावरून कळतं. त्याच्या जोडीला कण तोलणारं एक यंत्र आणि एक सूर्यमापक. एखाद्या विज्ञान महाविद्यालयाच्या गच्चीवर हे तिन्ही मावतं. आमचं मत विचाराल तर एक संच यवतमाळात आणि एक वणीकडे हवा, कारण खाणीकडची धूळ आणि इथल्या पठारावरचा धूर एकाच मापाने मोजता येणार नाही. दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे नोंदी झाल्या, तर उपग्रहाचा आकडा आपल्याकडे केव्हा जुळतो आणि केव्हा चुकतो, हे सांगता येईल. नोंदी घ्यायला मुलं आहेत. इथे मागच्या रांगांत बसलेली बीएस्सीची मुलं आम्हाला दिसताहेत. व्याख्यान संपल्यावर त्यांनी थांबावं, आपण यावर बोलू.